नगरच्या माळावरचा हूम

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. भागाकार करून पाहिला तर वर्षाला अठ्ठेचाळीस, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक. शिकारीच्या गप्पांत ‘हजारभर मारले’ असा गोल आकडा कुणीही फेकतो. ९६१ हा आकडा मात्र वही ठेवल्याशिवाय येत नाही. माळढोकावर लिहिणारा जो तो या नोंदीपाशी थांबतो आणि हळहळतो. हळहळ रास्तच आहे, पण त्या नोंदीत दुसरेही काही वाचता येते. एका माणसाला, एका जिल्ह्यात, सलग वीस वर्षे हा पक्षी मिळत राहिला. मग त्या काळी नगरच्या माळांवर माळढोक असतील तरी किती? २०१८ च्या सुमारास अख्ख्या भारतात मिळून उरल्याचा अंदाज होता दीडशेच्या आसपास. मॅन्सफील्डने एकट्याने त्याच्या सहापट टिपले होते.

हा पक्षी नगरलाच का, हे कळायला जिल्ह्याचा नकाशा पुरतो. पश्चिमेचा अकोले तालुका सोडा. तिथे कळसूबाई आहे, रतनगड आहे, पावसाला तोटा नाही. सह्याद्रीची ती भिंत ओलांडली की बाकीचा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांनी पावसाची वाट पाहण्यातच शतके काढली. जमीन मुरमाड आणि उथळ. नांगर लावावा तर खाली खडक, झाड लावावे तर मुळाला ओल नाही. अशा जमिनीवर निसर्गानेच एक गोष्ट मनापासून पिकवली, ती म्हणजे गवत: कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनच एखादे बोराटीचे जाळे, हिवराचे झाड, तरवडाची पिवळी फुले. खोलगटात काळी माती साचली असेल तिथे बाजरी, हुलगा, मटकी आणि रब्बीला शाळू, हरभरा, करडई. धनगराची मेंढरे गवत खुरटे ठेवत, एका जागी फार दिवस थांबत नसत, आणि शेतकरी वर्षाआड जमीन पड टाकत असे. माळढोकाला हवे असते ते नेमके हेच. दूरवर नजर जाईल असा उघडा माळ, लपायला गुडघाभर गवत, आणि खायला टोळ, भुंगे, सरडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे.

पक्षी मोठा. उभा राहिला की मीटरभर उंच, आणि भरलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी, पाठ मातीच्या रंगाची. मादी आकाराने निम्मीच. ती वर्षाला सहसा एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर, आणि सत्तावीस-अठ्ठावीस दिवस एकटीच उबवते. नराचा संसाराशी संबंध तेवढ्यावरच संपतो. या एका अंड्याचा हिशेब लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते. चिमणी वर्षातून दोन-तीनदा पिले काढते, तितर एका वेळी सहा-आठ अंडी घालते. हे पक्षी मार खाऊन पुन्हा भरून निघतात. माळढोकाच्या जमाखर्चात तशी सोय नाही.

मृगाचा पाऊस पडला की नर माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर येतो. गळ्याखालची पिशवी हवेने फुगवतो. ती पांढरी पिशवी लोंबत लोंबत जमिनीला टेकायला येते, शेपूट उलटे पाठीवर चढते आणि दुरून पाहणाऱ्याला माळावर कुणी पांढरे गाठोडे ठेवल्यासारखे वाटते. मग त्या गाठोड्यातून आवाज निघतो: हूऽम. खोल, घुमणारा, पोटातून आलेला. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि शांत हवेत अर्धा किलोमीटरपर्यंत पोचतो. नगर-सोलापूरकडच्या लोकांनी पक्ष्याचे नावच ‘हूम’ ठेवले. उत्तरेत तो घाबरला की भुंकल्यासारखा ओरडतो म्हणून ‘हुकना’ झाला, आणि काही भागांत ढगांच्या गडगडाटासारखा आवाज म्हणून ‘गगनभेर’. आपल्या शेतकऱ्यांनी, धनगरांनी, पारध्यांनी हा पक्षी आधी कानांनी ओळखला. ‘माळढोक’ हे नाव डोळ्यांनी दिलेले, माळावर राहणारा ढोक. दोन्ही नावांत त्याची जागा किंवा त्याची सवय आहे.

इंग्रज आले ते या पक्ष्यासाठी आपल्या घरचे नाव घेऊन आले: बस्टर्ड. त्यांच्याकडेही याच्या जातकुळीतला पक्षी होता आणि त्या नावाची कथा लांबची आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, स्पेनचे लोक या पक्ष्याला ‘अविस तार्दा’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा सरळ अर्थ मंद पक्षी. जुन्या फ्रेंचमध्ये ते झिजून ‘बिस्तार्द’ झाले आणि इंग्रजीत आले तेव्हा ‘बस्टर्ड’. गंमत अशी की हा पक्षी मंद मुळीच नाही. चालतो ऐटीत, पण उडाला की जड पंखांनी मैलोगणती अंतर कापतो. दीड-दोन हजार वर्षे चालत आलेल्या या नावाचा पुढे १९६० च्या दशकात दिल्लीत पुन्हा संबंध येणार होता. त्याआधी बंदुकांचा काळ पाहू.

माळढोकाची शिकार काही इंग्रजांनी सुरू केली नाही. बाबराने आपल्या आठवणींत याच्या मांसाची तारीफ केली आहे. इतर पक्ष्यांचा एखादाच भाग चवदार लागतो, याचा सगळाच, असे त्याचे म्हणणे. भिल्ल, पारधी हेही फासे लावून धरत. पण फाशात सापडणारा एखादा पक्षी आणि बंदुकीने दर आठवड्याला पडणारा पक्षी यांत फरक आहे, आणि तो फरक नगरला फार लवकर पोचला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. त्यानंतर घोड नदीपलीकडे शिरूरला कंपनीच्या फौजेचा तळ पडला. नदी ओलांडली की समोर पारनेर-श्रीगोंद्याचे माळ. मॅन्सफील्डच्या वहीतली पहिली आठ-नऊ वर्षे पेशवाईतच मोडतात, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. शनिवारवाड्यावर भगवा फडकत असतानाच नगरच्या माळावर कंपनीच्या साहेबांची शिकार सुरू झाली होती. १८१८ नंतर तर जिल्हाच त्यांचा झाला.

हूम मारणे सोपे नव्हते. उघड्या माळावर उभा असलेला पक्षी माणसाला दुरूनच ओळखतो आणि बंदुकीच्या टप्प्याबाहेर राहून चालू लागतो. पायी जाणाऱ्याला तो जवळ येऊ देत नाही, घोडेस्वारालाही नाही. शिकाऱ्यांनी त्यावर एक युक्ती काढली होती: बैलगाडी. गाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. शेतकरी वैरण घेऊन जातो, बाजाराला जातो, चाकांची करकर त्याच्या कानाला सरावाची. साहेब गाडीत आडवा पडून राही, वर आच्छादन टाकले जाई, आणि गाडीवान बैलांना पक्ष्याच्या दिशेने सरळ न नेता वळसे घेत, प्रत्येक वळशाला थोडा जवळ नेत असे. टप्प्यात आला की आच्छादनाखालून बार. पावसाळ्यात तर शोधायचेही कष्ट नसत. नर स्वतःच आवाज देऊन आपला पत्ता सांगत असे, आणि साहेबाला हवा असे तो मोठा नरच. वजनाची फुशारकी त्याच्यावर मारता येई. खाण्यासाठी मात्र मादी आणि कोवळे पक्षी चांगले, असे पक्षितज्ज्ञ जर्डनने लिहून ठेवले आहे. म्हणजे फुशारकीला नर गेला आणि ताटाला मादी.

मॅन्सफील्डच्याच काळात नगरच्या माळावरून दुसरा एक इंग्रज हिंडत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या वाट्याचे. गावात घरे किती, विहिरी किती, कोणत्या जमिनीत काय पिकते, हे टिपता टिपता त्याने पक्षी, प्राणी, मासेही टिपले. १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात छापून आली. सव्वादोनशेच्या वर पक्षी, आणि त्यांतले कित्येक युरोपातल्या शास्त्राला अगदी नवे. आपल्या ओढ्याकाठचा वंचक त्याच यादीतून शास्त्रात गेला, आणि तो रातवाही, ज्याच्या लॅटिन नावात ‘मराठा’ आला आहे. कुंपणावर कलकलाट करणाऱ्या सातभाईंपैकी मोठ्या राखी जातीला त्याने मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. कोणत्याही बांधावर दिवसभर कचकच करणाऱ्या पक्ष्याला गव्हर्नराचे नाव! साइक्सने ते आदरानेच दिले असणार. पण नगरच्या शेतकऱ्याला कळले असते तर तो खचितच हसला असता.

माळढोकाविषयी साइक्सने लिहिले की दख्खनमध्ये हा पक्षी भरपूर आहे, आणि एका गृहस्थाने तर हजारभर मारले आहेत. ते गृहस्थ कोण, हे त्याने सांगितले नाही. काळ तोच, मुलूख तोच, आकडाही त्याच घरातला. नाव कुणाचे असावे याचा अंदाज वाचकाने करावा. मला त्या वाक्यात खटकते ते वेगळेच. साइक्ससारखा मोजमापाचा माणूस, बाजारातल्या धान्याचे भावही काटेकोर लिहिणारा. त्याला या हजाराचा धक्का बसलेला दिसत नाही. उलट पक्षी विपुल आहे याचा पुरावा म्हणून तो ती गोष्ट सांगतो. त्या पिढीला वाटत होते की माळ अफाट आहे, पक्षी संपायचे नाहीत.

खरे तर ते संपू शकतात हे त्यांच्या स्वतःच्या देशात तेव्हाच दिसत होते. इंग्लंडमधला मोठा बस्टर्ड शिकारीने आणि कुरणे नांगराखाली गेल्याने संपत आला होता. तिथला शेवटचा पक्षी १८३२ च्या सुमारास मारला गेला असे मानतात. दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली जात होती, त्याच सुमारास. पुढे तो पक्षी इंग्लंडला परत आणायला २००४ साल उजाडावे लागले. रशियातून पिले आणून सॉल्सबरीच्या पठारावर सोडावी लागली.

नगरला मात्र बंदुकीने पक्षी संपला नाही. हे नीट सांगायला हवे, कारण साहेबांवर खापर फोडून मोकळे होणे फार सोयीचे आहे. मॅन्सफील्डनंतरही शंभर-सव्वाशे वर्षे हूम नगर-सोलापूरच्या माळांवर होता. १८८७ मध्ये आणि पुन्हा १९१२ मध्ये पक्ष्यांच्या शिकारीवर कायदे झाले, पण खेड्यापाड्यांत त्यांना कोण विचारतो? स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तोवर जीपगाडी आली होती, आणि बैलगाडीपेक्षा ती शिकाऱ्याला सोयीची होती. पक्षी कमी होत गेले. तरी ते तगून होते, कारण त्यांचा माळ शाबूत होता.

तो माळ गेला दोन रस्त्यांनी. एक पाण्याचा. जिल्ह्याच्या उत्तरेत हे आधीच घडले होते. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, कालवे आले, राहाता-श्रीरामपूरचा पट्टा उसाने हिरवागार झाला, आणि १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला नवी वाट दाखवली. दक्षिणेतल्या कोरडवाहू तालुक्यांनी चार-पाच दशके ही हिरवाई डोळे भरून पाहिली. पुढे मुळा धरणाचे पाणी नेवाश्याकडे गेले, घोड आणि कुकडीचे कालवे श्रीगोंदा-कर्जतकडे सरकले, उजनीचे पाणी कर्जतच्या दक्षिण कडेला येऊन थांबले. जिथे पोचले तिथे ऊस, जिथे विहिरीला थोडेफार लागले तिथे लिंबाच्या बागा, डाळिंब, कांदा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या माणसाने कालव्याचे पाणी नाकारावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? कुणी सांगू नये. पण उसाच्या फडात माळढोक राहत नाही, एवढे सत्य त्याने बदलत नाही.

दुसरा रस्ता कागदाचा होता. त्यावर बोलले जाते कमी आणि दोष त्याचाच जास्त आहे. इंग्रजांच्या जमीन मोजणीत जी जमीन महसूल देत नाही ती पडीक ठरली. गवत, चराई, माळावरची शिकार, औषधी झाडपाला यांतून सरकारच्या तिजोरीत काही येत नसे, म्हणून हजारो एकर माळ कागदावर ‘पड’ झाला. स्वतंत्र भारताच्या दप्तराने तो शिक्का जसाच्या तसा घेतला. मग पडीक जमिनीचे काहीतरी चांगले करायचे म्हणून वनखात्याने, सामाजिक वनीकरणाने तिच्यावर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावले. झाड लावणे म्हणजे पुण्य, हे आपल्या मनात इतके पक्के आहे की गवताळ माळावर झाडे लावणे म्हणजे एका जागेचा जीव काढून दुसरा घालणे, हे पटवताना आजही दमछाक होते. गायराने अतिक्रमणात गेली, मुरूम उपसला गेला, उरल्या तुकड्यांवर चर खणले गेले. माळढोकाला उंच झाडांची दाटी नको असते. त्याला शत्रू दुरून दिसावा लागतो.

१९६० च्या दशकात दिल्लीत राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी माळढोकाची बाजू घेतली. तो केवळ भारतीय उपखंडातला, दुर्मिळ, आणि राष्ट्रीय मान मिळाला तर जगण्याची संधी मिळेल असा पक्षी, असा त्यांचा विचार. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते: ‘बस्टर्ड’ या शब्दातले एक अक्षर चुकले तर इंग्रजीत ती शिवी होते, आणि राष्ट्रीय पक्ष्याच्या नावाशी असा धोका कोण पत्करील! गोष्ट चविष्ट आहे आणि थोडीफार खरीही असेल. पण मोराचा पराभव कोणत्याही नावाने झाला असता असे मला वाटत नाही. जो सरस्वतीजवळ बसतो, कार्तिकेयाला वाहून नेतो, पैठणीच्या पदरावर नाचतो आणि गावागावात दिसतो, त्याच्यापुढे नगरच्या मुरमाड माळावरचा मातकट पक्षी किती टिकणार? खंत आहे ती एवढीच की सगळी चर्चा इंग्रजी नावावर झाली. तो ‘हूम’ म्हणून दिल्लीत गेला असता तर निदान ही सबब कुणाला मिळाली नसती.

१९६९ मध्ये भावनगरचे पक्षिनिरीक्षक धर्मकुमारसिंहजी यांनी देशातल्या माळढोकांचा अंदाज १,२६० असा दिला आणि धोक्याची घंटा वाजवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवले. त्याच सुमारास सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावर माळढोक आहेत, हे बी. एस. कुलकर्णी यांनी सर्वांच्या लक्षात आणून दिले. दुष्काळी भागाच्या विकास कार्यक्रमात तिथे कुंपण घालून गवत राखले होते. चराई थांबली, गवत वाढले, टोळ वाढले आणि माळढोक आले. एवढे साधे. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी देशभरच्या ज्या मोजक्या जागी हा पक्षी अभ्यासत होते, त्यांत नान्नज एक होते. १९८० च्या नोव्हेंबरात जयपूरला माळढोक कुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. लोक जागे झाले होते.

महाराष्ट्र तर त्याआधीच जागा झाला होता, आणि जागा होताना त्याने फार मोठी उडी मारली. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. अख्खा नगर जिल्हा, म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरचा. त्याच्या निम्मे हे अभयारण्य होते. दोन गोव्यांपेक्षा मोठे. पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी. बाकी काय होते? गावे, तालुक्याची ठिकाणे, बाजारपेठा, रेल्वे, राज्यरस्ते, आणि लाखो शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची जमीन. पक्षी जिथे जिथे फिरतो तो सगळा मुलूख घ्यावा, हा विचार शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, कारण माळढोक एका ठिकाणी राहत नाही. पण ज्यांच्या जमिनीवर तो फिरतो त्यांना कुणी विचारले नाही.

त्याची किंमत पुढची तीस वर्षे मोजावी लागली, पक्ष्यालाही आणि माणसालाही. खरेदी-विक्री, बिगरशेती, कारखाना, कालवा, रस्ता: काहीही करायचे तर वन्यजीव विभागाच्या परवानगीचा प्रश्न उभा राही. ज्याने आयुष्यात कधी माळढोक पाहिला नव्हता त्या शेतकऱ्याला त्याचे नाव मात्र तलाठी कार्यालयात रोज ऐकू येऊ लागले. कर्जत, श्रीगोंद्यात निवडणुकीच्या सभांत माळढोक येऊ लागला, आणि कौतुकाने नव्हे. एखाद्या पक्ष्याचा लोकांना राग यावा, असे काही त्या पक्ष्याने केले नव्हते. ते आम्ही त्याच्या नावावर केले. आवाज पूर्वी माळावरून यायचा. आता आवाज मोर्च्यांचा होता.

याच कर्जत तालुक्यात याच्या उलटे उदाहरणही आहे. १९८० मध्ये रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा तुकड्यात गवत राखले गेले, शिकार थांबली आणि काळवीट इतके वाढले की आता आसपासचा शेतकरी पीक खातात म्हणून तक्रार करतो. काळविटाला माळाचा छोटा तुकडाही पुरतो, माळढोकाला पुरत नाही, हे खरे. पण त्या दोन चौरस किलोमीटरांत खरोखर राखण झाली आणि त्या साडेआठ हजारांत बरीचशी कागदावर, हेही खरे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, समित्या नेमल्या गेल्या, आणि २०११-१२ च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसले. खासगी जमिनीचा मोठा भाग मोकळा झाला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो त्यांचा हक्कच होता. २०११ मध्येच आंतरराष्ट्रीय यादीत माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. तोवर नगर-सोलापूरच्या माळावर त्याला परत येण्यासारखे फारसे उरले नव्हते. नान्नजला दोन आकडी संख्येने दिसणारे पक्षी एकेरी संख्येवर आले. आता एखादी एकटी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी होते, आणि नर नसेल तर त्या मादीच्या दिसण्याचा उपयोग छायाचित्रापुरताच.

पारनेर आणि नगरच्या डोंगरपठारांवर आता पवनचक्क्या फिरतात, माळांवरून उच्चदाबाच्या तारा जातात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बाजूचे त्याला छान दिसते, समोरचे फार थोडे. त्यात अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थानात आणि कच्छमध्ये तारांना धडकून पक्षी मरतात, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये सौर आणि पवन ऊर्जेची गरज पाहून तो आदेश सैल केला आणि निर्णय तज्ज्ञांच्या समितीवर सोपवला. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढवली जात आहेत, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. देशातला माळढोक वाचला तर तिथून वाचेल.

ती पिले मोठी होऊन कधी काळी महाराष्ट्रात आणायची ठरली, तर त्यांना सोडायचे कुठे? कालव्याखालची जमीन परत मागता येणार नाही, मागूही नये. पण कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेर या तालुक्यांत गावोगावची गायराने आणि वनखात्याचे माळ अजून तुकड्यातुकड्यांनी आहेत. तणमोर, धाविक, खोकड, लांडगा यांचा आसरा तेच. महसूल खात्याने ते ‘पड’ या सदराखालून काढून ‘गवताळ प्रदेश’ म्हणून नोंदवावेत, आणि नोंदवण्याआधी ज्या धनगरांची मेंढरे तिथे चरतात त्यांना ग्रामसभेत बोलवावे. पुढच्या जूनमध्ये वृक्षारोपणाचा कार्यक्रम तुमच्या गावच्या माळावर ठरला, तर खड्डे खणण्याआधी ग्रामसेवकाला एवढे विचारा की रोपे गावाच्या रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठी लावता येतील का. जागा तिथे भरपूर असते.